इंजेक्शनाआधी पोटाचा घेर मोजा

लातूरच्या गंजगोलाईत दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी असो की नांदेडच्या एखाद्या कचेरीतला कर्मचारी, पस्तिशी-चाळिशीत दवाखान्यात येणाऱ्या पुरुषांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, चिडचिड होते, घोरण्यामुळे घरच्यांची झोपमोड होते. सोबत आलेले माणूस बाहेर गेले की खालच्या आवाजात शेवटची तक्रार येते, ‘पहिल्यासारखी इच्छाच राहिली नाही.’ हल्ली काहींच्या हातात रिपोर्टही असतो. परस्पर करून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची तपासणी, आकड्यापुढे ‘कमी’ असा शेरा, आणि प्रश्न एकच : इंजेक्शन कधी घ्यायचे?

त्याआधी शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर पोट मोजावे. पँटच्या मापावर जाऊ नये. पँट पोटाखाली सरकते आणि माप वर्षानुवर्षे तेच राहते. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या वर गेला, तर कमी टेस्टोस्टेरॉनचे कारण तिथेच असण्याची शक्यता मोठी असते.

टेस्टोस्टेरॉन तयार होते वृषणांत, पण त्याचा हुकूम मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येतो. पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातले अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. चरबीतून निघणारी इतर रसायने मेंदूकडचा हुकूमच मंद करतात. त्यात रक्तातले इन्सुलिन वाढलेले असते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन यकृत कमी बनवते. हे संप्रेरक झोपेत वाढते. घोरताना श्वास अडकून झोप तुटत राहिली की तेही बिघडते. आणि टेस्टोस्टेरॉन घटले की स्नायू कमी होऊन पोट आणखी सुटते. चक्र असे फिरत राहते.

‘वय झाले, चालायचेच’ हे उत्तर सोपे आहे, पण अर्धवट आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पुरुषांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. त्यात बॉडी मास इंडेक्स 4 ते 5 अंकांनी वाढला, तर टेस्टोस्टेरॉन जवळपास 10 वर्षे वय वाढल्याइतके उतरलेले दिसले. साडेपाच फूट उंचीच्या माणसात हे 4-5 अंक म्हणजे 11 ते 14 किलो. लग्नानंतरच्या दहा वर्षांत इतके वजन आपल्याकडे किती सहज चढते, हे लग्नाचा अल्बम उघडला की दिसते.

बारीक हातपायांच्या माणसांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! काट्यावर सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली ठेवण आहे.

वजन उतरवले तर टेस्टोस्टेरॉन परत वाढते का? वाढते, आणि जितके वजन जाते तितके जास्त वाढते. 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. आहार कमी करून सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास वजन घटवणाऱ्यांत ते प्रति डेसिलिटर सुमारे 80 नॅनोग्रॅमने वाढले. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेने 30 टक्क्यांच्या वर वजन घटलेल्यांत सुमारे 250 ने. साधारणपणे 300 च्या खालचा आकडा कमी धरतात, त्या हिशेबात ही वाढ लहान नाही. पण युरोपातल्या आठ शहरांच्या अभ्यासात एक मेखही दिसली. थोडे वजन घटल्यावर एकूण आकडा वाढतो तो बराचसा वाहक प्रथिन वाढल्यामुळे. शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारे मुक्त टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसले ते 15 टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवणाऱ्यांत. म्हणजे 90 किलोच्या माणसाला साडेतेरा किलो. अवघड आहे, पण वर्ष-दीड वर्षात होण्यासारखे. आणि पहिल्या पाच-सहा किलोंतच साखर, रक्तदाब व झोप सुधारू लागतात, ते काही वाया जात नाही.

खाण्याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. वडील शेतात राबून तीन भाकरी खात. मुलगा दुकानात बसून तेवढेच जेवतो, वर सकाळी सुशीला, संध्याकाळी भजी आणि पाच-सहा गोड चहा. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिसरी भाकरी ज्वारीची आहे म्हणून वजन सोडत नाही. देशभर तूरडाळ पाठवणाऱ्या लातूरच्या ताटातले वरण मात्र पातळ असते. ते घट्ट करावे, जोडीला मूग, हरभरा, अंडी घ्यावीत. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवण्याच्या फंदात पडू नये, तीव्र उपासमारीत टेस्टोस्टेरॉन उलट घसरते. चालण्यासोबत वजन उचलण्याचा व्यायाम हवा. एप्रिल-मे मध्ये तो उजाडतानाच उरकावा, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको.

आता इंजेक्शन. पिट्यूटरी किंवा वृषणांचा खरा आजार असेल तर ते लागतेच. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू हुकूम देणे थांबवतो आणि शुक्राणू बनणे जवळजवळ बंद पडते. जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून ते टोचून घेणाऱ्या तरुणांना हे कुणी सांगत नाही. मग लग्नाला दोन-तीन वर्षे होतात, पाळणा हलत नाही, आणि तपासण्या, नवस, टोमणे हे सारे सुनेच्या वाट्याला येते. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र शेवटी, तीही कुरकुरत. इंजेक्शन बंद केल्यावर शुक्राणू बहुधा परततात, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मूल हवे असलेल्या पुरुषाने हे इंजेक्शन घेऊच नये. घेतले असेल, तर डॉक्टरांपासून आणि बायकोपासून ते लपवू नये.

शंका असेल तर तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करावी. दुपारी जेवून दिलेल्या रक्ताचा आकडा फसवतो. सोबत साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिनही पाहावे, कारण थकव्याची कारणे पुष्कळ असतात. ताठरता कमी होणे ही काही वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडत असल्याची पहिली सूचना असते, म्हणून रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासल्याशिवाय उठू नये. आणि वजन उतरवल्यावर पुन्हा चाचणी कराल तेव्हा प्रयोगशाळा तीच असू द्या, वेळही तीच.