मजकूर तोच, वाट नवी : विकिपीडियाच्या नव्या मांडणीतून संशोधनाचा धडा

एखाद्या संकेतस्थळावर मजकूर भरमसाट असला की आपण पटकन म्हणतो, "कमी करा." पण विकिपीडियावर मजकूर हीच तर पुंजी! मग सुधारायचं काय? त्यापर्यंत पोचायची वाट.

समजा, कोंढ्यातला एक विद्यार्थी संगणकावर पवनीवरचा लेख वाचतोय. त्याला फक्त तिथल्या बौद्ध स्तूपाचा भाग हवा आहे. जुन्या मांडणीत अनुक्रमणिका लेखाच्या सुरुवातीला असायची. खाली गेलं की दिसेनाशी. विकिमीडिया फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या 'व्हेक्टर २०२२' मांडणीत ती बाजूला आली आणि वाचताना सोबत राहते. शोधपट्टीत नावासोबत चित्र आणि छोटं वर्णनही दिसतं. इंग्रजी विकिपीडियावर ही मांडणी जानेवारी २०२३ मध्ये लागू झाली.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. संस्थेच्या चाचणीत नव्या शोधपट्टीमुळे शोध ३० टक्क्यांनी वाढले. म्हणजे वाचकांना हवं ते सापडलं? तसंच असेल असं नाही. पुन्हा पुन्हा शोधणं हे न सापडल्याचंही लक्षण असू शकतं.

म्हणून अशा अभ्यासात वाचकाला नेमकं काम द्या : "पवनीच्या स्तूपाचं उत्खनन कधी झालं, ते शोधा." उत्तर बरोबर आलं का, वेळ किती लागला, अडलं कुठे, हे नोंदवा. निम्म्यांना जुनी मांडणी द्या, निम्म्यांना नवी; कोणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आकडा मोजण्याआधी तो कशाची खूण आहे, हे ठरवलंत की अर्धं संशोधन झालं समजा.