सात फुटांच्या टेबलावरचे स्नूकर

आमच्या केदारखेड्यात स्नूकर खेळले जाते, असे मी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणी हसल्या. त्यांचे हसणे चुकीचे नव्हते. जालना–भोकरदन रस्त्यावरचे आमचे गाव. कपाशी, मका आणि सोयाबीन यांच्या हिशेबात वर्ष सरते. खेळ म्हटले की कबड्डी, क्रिकेट आणि पावसाळी दुपारी कॅरम. स्नूकर हा जिमखान्यातल्या सुटाबुटातल्या माणसांचा खेळ, अशीच माझीही समजूत होती. ती कशी बदलली आणि त्यासाठी टेप, खडू व त्रैराशिक कसे उपयोगी पडले, ते या लेखात सांगायचे आहे.

झाले असे की, शहरातला एक खेळघर बंद पडत होता. तिथले जुने अमेरिकन पूल टेबल काकांनी स्वस्तात उचलले आणि वाड्यातल्या कापसाच्या रिकाम्या गोदामात आणून मांडले. पोरांची झुंबड उडाली. पूलमधला 'एट बॉल' हा डाव दहा मिनिटांत आटोपतो. हरलेला म्हणतो, "पुन्हा एक!" पहिल्या आठवड्यात पैज चहा-भज्यांची होती, महिन्याभरात ती नोटांवर आली. आबांनी एक दिवस दारात उभे राहून पाहिले आणि काकांना एवढेच म्हणाले, "पैशाचा खेळ दिसला तर टेबल विकून टाकायचं. वाड्यात अड्डा चालणार नाही."

पोरांपैकी काहींनी मोबाईलवर स्नूकरचे सामने पाहिले होते. लांब चालणारा, गुण लिहून खेळायचा खेळ आणला तर पैजेला आळा बसेल, असे काकांना वाटले. प्रश्न एवढाच होता की, आपल्या टेबलावर तो बसवायचा कसा?

प्रथम खोलीनेच निकाल दिला. स्नूकरच्या पूर्ण मापाच्या टेबलाची खेळण्याची जागा १४०.५ इंच लांब आणि ७० इंच रुंद असते. क्यू, म्हणजे खेळायची काठी, सुमारे ५८ इंचांची. चारही बाजूंनी ती मोकळी फिरली पाहिजे. म्हणजे खोली किमान साडेएकवीस फूट लांब व साडेपंधरा फूट रुंद हवी. शिवाय दगडी लाद्यांसह त्या टेबलाचे वजन टनाहून अधिक भरते. आमचे गोदाम सतरा फूट बाय तेरा फूट. आईची शिवणाची टेप घेऊन मी आमचे टेबल मोजले, तर खेळण्याची जागा ७८ इंच बाय ३९ इंच भरली. यालाच 'सात फुटी' टेबल म्हणतात. खोलीत तेवढेच मावते, आणि तेही जेमतेम.

दोन्ही टेबलांची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे, हे आमचे नशीब. त्यामुळे आकार तोच, फक्त माप कमी. स्नूकरच्या खुणा त्याच प्रमाणात आखता येतात. मोठ्या टेबलावर 'बॉक लाइन' ही आडवी रेघ खालच्या कुशनपासून २९ इंचांवर असते. कॅरम बोर्डची खेळण्याची बाजूही २९ इंचांचीच, म्हणजे चौकट सोडली तर त्या रेघेमागे दोन कॅरम बोर्ड शेजारी शेजारी मावतील! त्रैराशिक मांडले, तेव्हा आमची रेघ १६ इंचांवर आली. त्या रेघेवरचे 'डी' नावाचे अर्धवर्तुळ साडेअकरा इंच त्रिज्येचे असते, आमचे सुमारे ६.४ इंचांचे झाले. निळा चेंडू टेबलाच्या मध्यावर, म्हणजे ३९ इंचांवर. गुलाबी वरच्या कुशनपासून साडेएकोणीस इंचांवर. काळा मोठ्या टेबलावर पावणेतेरा इंचांवर असतो, तो आमच्याकडे ७ इंचांवर. शिवणाच्या खडूने मी या खुणा केल्या. हा खडू झटकला की निघतो, कापड खराब होत नाही.

येथवर सारे सोपे होते. घोडे अडले ते चेंडूंपाशी. टेबल लहान झाले, पण चेंडू मोठे झाले! स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचा, तर अमेरिकन पूलचा ५७ मिलिमीटरांहून किंचित जास्त, म्हणजे सव्वादोन इंचांचा. स्नूकरमध्ये पंधरा लाल चेंडूंचा त्रिकोण गुलाबीच्या मागे लावतात. मोठ्या टेबलावर त्या त्रिकोणाचा पाया आणि काळा चेंडू यांच्यामध्ये सुमारे ११ इंच मोकळी जागा राहते. आमच्या टेबलावर सव्वादोन इंची पंधरा चेंडू लावले, तर पाव इंचही उरत नाही! काळा त्रिकोणाला जवळजवळ चिकटतो, त्याच्यामागे पांढरा चेंडू नेण्याचा प्रश्नच नाही. दहा लाल लावले तर दोन इंचांच्या थोडे वर जागा मिळते. म्हणजे एक चेंडूही मध्ये शिरत नाही. सहा लाल, म्हणजे तीन रांगांचा त्रिकोण लावला, की चार इंचांहून थोडी अधिक जागा मोकळी होते आणि खेळ हलू लागतो.

तेव्हा संख्या ठरवली ती टेबलाने, आम्ही नाही. १०० इंच बाय ५० इंचांचे नऊ फुटी पूल टेबल कोणाकडे असेल, तर तिथे दहा लाल बसतात. याच हिशेबाने तिथे त्रिकोण आणि काळा यांत साडेपाच इंचांचे अंतर राहते.

आता लाल चेंडू आणायचे कोठून? पूलच्या संचात पांढरा धरून सोळा चेंडू असतात. त्यांतले ९ ते १५ हे सात पट्ट्यांचे. त्यांपैकी सहा आम्ही 'लाल' मानले. रंगीत चेंडूंची नेमणूक अशी : १ क्रमांकाचा पिवळा (गुण २), ६ क्रमांकाचा हिरवा (गुण ३), ७ क्रमांकाचा तांबूस हा तपकिरीच्या जागी (गुण ४), २ क्रमांकाचा निळा (गुण ५), ५ क्रमांकाचा नारिंगी हा गुलाबीच्या जागी (गुण ६) आणि ८ क्रमांकाचा काळा (गुण ७). तीन चेंडू शिल्लक राहतात, ते फळीवर. हा तक्ता मी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. आबांनी तो वाचला आणि म्हणाले, "चेंडूवर एक लिहिलंय अन् तुम्ही दोन मोजता. हा हिशेब अडतीतला दिसतो!"

ज्यांना खेळ मुळीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात नियम. आधी एक लाल पॉकेटमध्ये घालायचा, त्याचा गुण एक. मग एक रंगीत, त्याचे जे असतील ते गुण. लाल आतच राहतो, रंगीत मात्र काढून आपल्या खुणेवर परत ठेवायचा. मग पुन्हा लाल. कॅरमच्या राणीला 'कव्हर' मिळाले नाही की ती जशी मध्यावर परत येते, तसेच हे. फक्त इथे ते दर वेळी घडते. लाल संपले, की रंगीत चेंडू कमी गुणांपासून चढत्या क्रमाने घ्यायचे आणि आता ते परत येत नाहीत. चुकीच्या चेंडूला आधी स्पर्श झाला तर किमान चार गुण समोरच्याला. म्हणूनच आपल्याला चेंडू घेता येत नसेल, तर पांढरा अशा आडोशाला लपवायचा की समोरच्याला लाल दिसूच नये. या लपवाछपवीलाच 'स्नूकर करणे' म्हणतात. पंधरा लालांच्या डावात प्रत्येक लालनंतर काळा घेतला, तर एका दमात १४७ गुण होतात. आमच्या सहा लालांच्या डावात हीच कमाल ७५ आहे.

रंगीत चेंडू परत येण्याच्या नियमाने आणखी एक अडचण उभी केली. नाणे टाकून चालणाऱ्या टेबलात घातलेले चेंडू टेबलाच्या पोटात अडकून राहतात. आमचे टेबल त्याच जातीचे. शेवटी काकांनी बाजूची फळी काढून टाकली आणि चेंडू हाताने काढण्याची सोय केली.

पॉकेटचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. स्नूकरचे पॉकेट सुमारे साडेतीन इंचांचे, म्हणजे चेंडूच्या पावणेदोन पटींहून कमी. पूलचे साडेचार ते पाच इंचांचे, म्हणजे चेंडूच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. स्नूकरच्या पॉकेटची तोंडे गोलसर असतात. चेंडू जरा कडेला लागला की बाहेर फेकला जातो. पूलचे पॉकेट उदार आहे. यावर उपाय म्हणून आम्ही नियम केला की चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगायचे. दुसरीकडे गेला तर गुण नाही आणि पाळी संपली. नशिबाचा भाग असा थोडा कमी झाला. लांबवरचा कठीण नेम साधण्यातली मजा मात्र आमच्या टेबलावर नाही, हे कबूल केले पाहिजे. अकरा-बारा फुटांचे अंतर साडेसहा फुटांवर कसे आणणार?

"पण मग हे खरं स्नूकर का?" असे काकांनी विचारले, तेव्हा मी या खेळाचा इतिहास शोधला. हा खेळ आपल्याच देशात, जबलपूरला जन्मला. १८७५ सालच्या पावसाळ्यात तेथील छावणीतले इंग्रज अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर वेळ काढत असत. 'पिरॅमिड' नावाच्या खेळात पंधरा लाल चेंडू होते, दुसऱ्या खेळांत रंगीत चेंडू. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने ते एकत्र केले. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे.) वूलिचच्या लष्करी शाळेत पहिल्या वर्षाच्या नवख्या विद्यार्थ्याला 'स्नूकर' म्हणत. चेंडू चुकवणाऱ्या एका खेळाडूला चेंबरलेनने ते नाव चिकटवले आणि तेच खेळाला पडले. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहिले गेले. म्हणजे हाती असलेल्या टेबलावर, हाती असलेल्या चेंडूंनी पावसाळ्यात केलेली ती तडजोडच होती. आम्ही वेगळे काय केले?

आणि सहा लालांचा डाव हा आता रीतसर स्पर्धांचा प्रकार आहे. पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी २०१४ आणि २०१५ साली सहा लालांच्या स्नूकरमध्ये जगज्जेते झाले. बिलियर्ड्समध्ये १९५८ साली कोलकात्याला भारताचे पहिले जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स हेही पुण्यातच जन्मलेले. टेबले मोठ्या शहरांतून आहेत म्हणून नावेही तिथलीच ऐकू येतात.

आता गोदामातली हकीकत. पोरांनी सुरुवातीला मला सांगितले, "ताई, तू गुण लिही, आम्ही खेळतो." महिनाभर मी पाटीवर गुण लिहिले. नियमांचा पुठ्ठा मीच लिहीत होते. त्यात शेवटचा एक नियम घातला : ज्याने एका फ्रेमचे गुण लिहिले, त्याने पुढची फ्रेम खेळायची. काहींनी कुरकुर केली, पण सर्वांपुढे वाचून दाखवलेला नियम मोडणे जड गेले. माझी आजवरची मोठी खेळी चौदा गुणांची आहे : लाल, काळा, लाल, निळा. पुढच्या लालला नेम चुकला.

पैजा पूर्ण थांबल्या असे म्हणणे खोटे ठरेल. तीन-चार मुले एट बॉलसाठी दुसरीकडे जाऊ लागली. राहिली त्यांची फ्रेम अर्धा-पाऊण तास चालते, पाटीवर आकडे सर्वांना दिसतात आणि संध्याकाळी आबा खुर्ची टाकून बसतात. टेबल विकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढलेली नाही. परवा त्यांनी विचारले, "तो काळा सात इंचांवरच का?" मी त्रैराशिक मांडून दाखवले. त्यांनी स्वतः टेप लावून पाहिली आणि मान हलवली.

असो. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात कधी पूल टेबल आलेच, तर आधी खोली मोजावी, मग टेबल आणि मग लाल चेंडूंची संख्या ठरवावी. नियमांचा पुठ्ठा मी लिहून देईन. शेवटच्या नियमासह.