पासबुक मिळालं म्हणजे बँक नव्हे

तालुक्याच्या बाजारपेठेत नागरी सहकारी बँक, पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायटी आणि सोनेतारण कर्ज देणारी वित्त कंपनी एकाच रांगेत थाटलेल्या असतात. काउंटर, पासबुक, ठेवींच्या व्याजदराचा फलक सगळीकडे सारखाच. गफलत इथूनच सुरू होते.

‘पतसंस्था म्हणजे छोटी बँकच.’

नाही. पतसंस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सभासदांची संस्था. ठेवी सभासदांच्या, कर्जही सभासदांनाच. देखरेख राज्याच्या सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नव्हे. मल्टिस्टेट सोसायटीचा निबंधक तर थेट दिल्लीत. म्हणून पतसंस्था टाकाऊ ठरत नाही. हातगाडीवाल्याची रोजची पिग्मी गोळा करायला मोठ्या बँकेचा माणूस येत नाही, पतसंस्थेचा येतो. पण तिथली ठेव बुडाली, तर ५ लाखांच्या ठेव विम्याचं संरक्षण नाही. व्याज जास्त का मिळतं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

‘सहकारी बँकेचंही तसंच.’

हा उलटा गैरसमज. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँका १९६६ पासून बँकिंग नियमन कायद्याच्या कक्षेत आहेत आणि त्यांच्या ठेवींना विमाही आहे. त्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या पीएमसी या नागरी सहकारी बँकेवर पैसे काढण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा हे संरक्षण फक्त १ लाखाचं होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झालं. बँकेवर असे निर्बंध आले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली. पीएमसीच्या खातेदारांनी तोवर काय सोसलं, ते मुंबईकरांना सांगायला नको.

‘पाच शाखांत पाच-पाच लाख ठेवले की पंचवीस लाख सुरक्षित.’

चांगले शिकलेले लोकही हे छातीठोकपणे सांगतात. मर्यादा शाखेला नाही, बँकेला आहे. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमच्या नावची मुद्दल आणि व्याज एकत्र मोजून ५ लाख. रक्कम विभागायचीच, तर वेगवेगळ्या बँकांत विभागावी.

‘फायनान्स कंपनी, पेमेंट्स बँक, स्मॉल फायनान्स बँक, सगळं एकच.’

वित्त कंपनी मुख्यतः कर्ज देते. बचत खातं उघडण्याची तिला मुभा नाही, आणि बहुतेक कंपन्यांना लोकांकडून ठेवी घेण्याचीही परवानगी नसते. ज्यांना आहे, त्यांच्या ठेवींना विमा नाही. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर २ लाखांपर्यंतच शिल्लक ठेवता येते, आणि ती स्वतः कर्ज देऊ शकत नाही. स्मॉल फायनान्स बँक मात्र नावात ‘स्मॉल’ असली तरी पुरती बँक. लहान व्यावसायिक आणि शेतकऱ्यांना कर्ज देण्यासाठी उभी केलेली, ठेवींना विमा असलेली.

आणि पोस्ट? तिथल्या बचत योजनांना ठेव विमा नाही. त्यामागे केंद्र सरकारच उभं आहे.