पान कुणी उलटायचं?

आमच्या हदगावात इंद्रजाल कॉमिक्स नांदेडहून यायचं. कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामानं कुणी गेलं, की येताना पिशवीत एखादा अंक. अंक एक, वाचणारे चौघं. तो दादाच्या हातात. आम्ही त्याच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून. मी सावकाश वाचणारा. "थांब की दादा, उलटू नको!" हे माझं ठरलेलं.

टाइम्स ऑफ इंडियानं १९६४च्या मार्चमध्ये इंद्रजाल सुरू केलं, १९९०मध्ये ते बंद पडलं. ली फॉकचा फँटम आमच्याकडे वेताळ झाला. तेवढ्यावर भागलं नाही. मूळ कथेतल्या सिंग चाच्यांचे सिंगा झाले, बंगाला या देशाचं डेंकाली झालं. भारतीय वाचकाला आपलीच माणसं खलनायक वाटू नयेत म्हणून. म्हणजे कॉमिकचं रूपांतर पडद्यावर जाण्याआधीच सुरू झालं होतं.

पडदा मात्र याहून मोठी गोष्ट मागतो. १९३८चा सुपरमॅन उडत नव्हता, इमारतींवरून उड्या मारायचा. १९४१ साली फ्लायशर बंधूंनी त्याचे अॅनिमेशनपट काढायला घेतले, तेव्हा त्या उड्या टोळासारख्या दिसू लागल्या. कागदावर उडी म्हणजे एक ऐटबाज चित्र. पडद्यावर तिला जमिनीवर उतरावंही लागतं! त्यांनी परवानगी मागून त्याला सरळ उडवलं.

उलटा अनुभव सुपरमॅनच्या मृत्यूचा. १९९२च्या त्या कथेत शेवटच्या चार अंकांत एका पानावरची चित्रं आधी चार, मग तीन, मग दोन अशी घटत जातात. अखेरच्या अंकात पान उलटलं की एकच चित्र, कडेपासून कडेपर्यंत. चौकटी कमी होतात तसा वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. २००७च्या ‘सुपरमॅन: डूम्सडे’मध्ये मारामारी दणदणीत आहे, पण ही मोजणी नाही. पडद्याची चौकट सगळा वेळ एकच; ती कमी कशी करणार?

फ्रँक मिलरच्या ‘डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकचा २०१२-१३मध्ये दोन भागांत चित्रपट झाला, तेव्हा बॅटमॅनचं मनातलं बोलणं काढून टाकलं. घटना सगळ्या जाग्यावर, पण म्हातारा होत चाललेला तो माणूस मला लांबचा वाटू लागला.

‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) वेगळ्या वाटेनं गेला. त्यात छपाईचे ठिपके आहेत, मजकुराच्या चौकटी आहेत. खरी गंमत बर्फातल्या जंगलात. मुरलेला स्पायडर-मॅन पीटर सेकंदाला चोवीस चित्रांनी हलतो, नवशिका स्पायडर-मॅन माइल्स बारा. एकाच झाडीत एक सुळकन जातो, दुसरा अडखळतो. कॉमिकमधल्या चित्राचित्रांतली फट त्यांनी बरोबर उचलली.

आपल्याकडे चित्राचित्रांतली फट सांभाळायचं हे काम चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे चित्रकथी करत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी चित्रं आहेत. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे एका पानाला दोन प्रसंग. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकरांनी ही कला अजून धरून ठेवली आहे. राक्षस समोर उभा आहे, पोरं पुढं सरकलीत, कथेकरी गातो आहे आणि पान काही उलटत नाही. पुढचा प्रसंग त्याच पानामागं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

दादाचंही तसंच. शेवटच्या पानावर तो अंगठा दाबून धरायचा आणि वळून विचारायचा, "झालं का रे तुझं?"