कॉलेजचा निबंध आणि प्रकल्प : ज्याचं उत्तर दुकानात मिळत नाही असा प्रश्न कसा द्यायचा?



दिवाळीची सुट्टी संपली की अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, उरण, कुठेही जा, झेरॉक्सच्या दुकानासमोर कॉलेजची मुलं दिसतात. मोबाईलमध्ये विषयांची यादी आणि तोंडात एकच प्रश्न: "जलप्रदूषण आहे का? वीस पानी पाहिजे." दुकानदार फाईल उघडतो, नाव आणि हजेरी क्रमांक बदलतो, स्पायरल मारून देतो. प्रकल्प झाला!

मुलांना आळशी म्हणायच्या आधी ती यादी एकदा वाचा. जलप्रदूषण. जागतिकीकरणाचे परिणाम. महिला सक्षमीकरण. भारतीय बँकिंग व्यवस्था. या प्रत्येकावर हजारो पानं आधीच लिहून झालेली आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने त्यात नवीन काय घालावं अशी आपली अपेक्षा असते? तयार उत्तर असलेला प्रश्न आपण विचारतो, तो तयार उत्तर आणून देतो. त्यात त्याचं फारसं चुकतं असं मला वाटत नाही. प्रश्न देणाऱ्याने तो बदलायला हवा.

नवीन शैक्षणिक धोरणानंतर आता पदवीला क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग, संशोधन प्रकल्प यांना वेगळे श्रेयांक आहेत. म्हणजे ही कामं वाढणार आहेत. कला, विज्ञान, वाणिज्य सगळीकडे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फरक स्पष्ट करून घेऊ, कारण बरेच पालक विचारतात. निबंधात विद्यार्थी एक म्हणणं मांडतो आणि ते कारणं देऊन पटवून देतो. शोधनिबंधात एक प्रश्न असतो, त्याचं उत्तर शोधण्यासाठी काय केलं ते सांगायचं असतं, काय सापडलं ते दाखवायचं असतं आणि कोणाकडून काय घेतलं ते कबूल करायचं असतं. 'कोळी समाज' हा प्रश्न नाही, तो नुसता मथळा आहे. 'आमच्या कोळीवाड्यात गेल्या दहा वर्षांत किती घरांनी होडी विकली आणि का?' हा प्रश्न आहे. शेवटी प्रश्नचिन्ह देता येतं का, एवढी साधी परीक्षा पुरते.

आता विषयवार पाहू. सगळी उदाहरणं आपल्या किनाऱ्यावरचीच घेतली आहेत.

गणित आणि भूगोल : भरतीचा हिशोब

आपल्याकडच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ विचारली की ती घड्याळाआधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हा त्यांचा हिशोब. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पुस्तक नको, मोबाईल नको.

आता हे गणिताच्या विद्यार्थ्यासमोर ठेवा. पौर्णिमेला आणि अमावास्येला आपल्याकडे भरती बाराच्या आसपास येते. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत तिथी पंधरा. तेवढ्यात भरती पुढे सरकत सरकत पूर्ण १२ तासांचा फेरा करते. १२ तास म्हणजे ७२० मिनिटं, भागिले १५, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. पण पाऊणपट म्हणजे ४५! पंधराव्या तिथीला हिशोब सव्वाअकरा सांगतो आणि समुद्र बाराकडे भरतो. पाऊण तासाचा फरक.

मग जुना हिशोब चुकीचा का? इथे खरा प्रकल्प सुरू होतो. प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे फरक साचत जात नाही, दर पंधरवड्याला पुसला जातो. तोंडी करायला पाऊणपट सोपी, ४८ मिनिटांचा पाढा कोण म्हणणार! शिवाय भरती रोज एकसारख्या अंतराने सरकत नाही. उधाणाच्या दिवसांत कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. विद्यार्थ्याने जेटीच्या पायऱ्यांवर खूण करून पंधरा दिवस वेळा लिहायच्या, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडायच्या, पाऊणपटीशी ताडायच्या, आणि तीन रेषांचा एक आलेख काढायचा. अलिबागच्या मुलांना याचा व्यवहारातला उपयोग वेगळा सांगायला नको. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारे पर्यटक परतीची वेळ चुकले की काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. (नोंदी घेताना मुलांनी पाण्यात उतरायचं नाही, जेटीवरूनच पाहायचं. ही अट लेखी द्या.)

या कामात आणखी एक गोष्ट घडते. ज्या मुलीचे वडील मच्छीमार आहेत, तिला वर्गात पहिल्यांदाच घरातून आणण्यासारखं काही सापडतं. एरवी फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना ती पेन थांबवते. इथे वर्गातली हुशार मुलं तिच्याकडे येऊन विचारतात, तुझ्या बाबांना भेटता येईल का?

इतिहास : सातबारा आणि चरीचा संप

'चरीच्या शेतकरी संपाचे महत्त्व' असा निबंध दिला तर काय येणार ते आपल्याला माहीत आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोतांविरुद्ध संप जाहीर झाला, नारायण नागू पाटील यांनी त्याचं नेतृत्व केलं, कुळांनी जमिनी कसायचं थांबवलं, संप १९३९ पर्यंत टिकला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. माहिती बरोबर आहे आणि ती प्रत्येकाने वाचलीच पाहिजे. पण चाळीस वह्यांत तीच येईल.

प्रश्न असा द्या: 'आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर आमच्या घराण्याचं नाव केव्हा आणि कोणत्या फेरफाराने लागलं?'

आता मूल घरी जाऊन ट्रंक उघडायला लावतं. जुना फेरफार सापडतो, त्यावर कूळकायद्याचा उल्लेख असतो. कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. या तारखा पुस्तकात कोरड्या वाटतात. स्वतःच्या पणजोबांच्या नावाशेजारी दिसल्या की त्यांचा अर्थ कळतो. काही घरांत नाव लागलेलंच नसतं. काही घरं खोतांची असतात. तेही इतिहासच आहे, फक्त वर्गात कोणाला ओशाळं वाटणार नाही हे शिक्षकाने सांभाळायचं. कोणाचं आडनाव कोणत्या बाजूला, याची फळ्यावर यादी करू नका.

या कामात विद्यार्थ्याकडे तीन साधनं येतात: कागद, घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण, आणि छापील पुस्तक. आणि ती बहुतेक वेळा जुळत नाहीत. आजी म्हणते जमीन संपातच मिळाली, कागद म्हणतो वीस वर्षांनी. असं का झालं असेल, याचा विचार करून लिहिलेली दोन पानं मला वीस छापील पानांपेक्षा जास्त मोलाची वाटतात.

जुन्या साधनांबद्दल एक उपयोगी सूचना. आपल्या जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा होतं. मुलं 'रायगड जिल्हा' असं शोधतात आणि काही मिळत नाही म्हणून परत येतात. कुलाबा आणि जंजिरा या नावांनी शोधायला सांगा. १८८३ चं इंग्रजी गॅझेटिअर, अकरावा खंड, याच नावाचा आहे. ते वाचताना ते साहेबाने राज्यकारभारासाठी लिहून घेतलंय, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

पदार्थविज्ञान : ट्राम आणि अलिबागची वेधशाळा

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून हे काम अलिबागला हलवायचं ठरलं. १९०४ मध्ये इथे वेधशाळा सुरू झाली, १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने मोजणी करून आकडे जुळवून घेतले, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. दोन्ही जागा मिळून ही नोंदींची साखळी जगातल्या सर्वात लांब साखळ्यांपैकी एक आहे.

याचा प्रकल्प मोबाईलवर होतो. बहुतेक फोनमध्ये चुंबकत्वमापक असतो, म्हणून तर होकायंत्राचं ॲप चालतं. मोकळ्या मैदानात आपल्याकडे साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला दाखवायला हवेत. मग फोन घेऊन लोखंडी गेटकडे, उभ्या रिक्षाकडे, विजेच्या खांबाकडे एकेक पाऊल जायचं आणि आकडा कुठे बिघडायला लागतो ते लिहायचं. वेधशाळा गावाबाहेर का न्यावी लागली, हे विद्यार्थ्याला आपल्या हाताने कळतं. खर्च शून्य.

वाणिज्य आणि अर्थशास्त्र

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली इथल्या मुलांच्या घरीच माळी विणल्या जातात. मानांकनाआधी आणि नंतर शेतकऱ्याच्या हातात माळीमागे काय पडतं? रस्त्यावर विकली तर किती, व्यापाऱ्याला दिली तर किती? बाहेरचा पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून विकला जातो का आणि तो ओळखतात कसा? पाच घरांचे आकडे पुरे. पाचशे प्रश्नावल्या भरल्याचं खोटं दाखवण्यापेक्षा पाच खऱ्या बऱ्या.

श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या मुलांसाठी सुपारी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाड्या आडव्या झाल्या. नवीन सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेवढा काळ उत्पन्न नाही आणि शिंपणं मात्र रोज. एका वाडीचा हा हिशोब मांडला की भांडवल, घसारा, प्रतीक्षाकाळ हे शब्द आपोआप समजतात. भरपाई हेक्टरवर मोजायची की झाडावर, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला होता. नारळाखाली सुपारी आणि सुपारीला मिरवेल असलेल्या वाडीत या दोन मोजण्यांत किती फरक पडतो, ते काढायला सांगा.

भाषा

कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळीतून झालेली बोली अजून बोलली जाते. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, बोली राहिली. यावर परदेशी अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली आहेत. पण पन्नास मुलं रेकॉर्डर घेऊन त्या गावात पाठवू नका, माणसं म्हणजे नमुने नव्हेत. त्यापेक्षा ज्याने त्याने आपल्या घरातली आगरी, कोळी, कोकणी मुसलमानी बोली घ्यावी. जाळ्यांची, वाऱ्यांची, माशांच्या वाढीच्या टप्प्यांची नावं. परवानगी विचारून, सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय आणि तारीख लिहून. तोंडी माहितीचा संदर्भ असाच देतात.

गुण कशाला द्यायचे?

माझं मत असं की निम्मे गुण कच्च्या नोंदवहीला द्यावेत. तीच वही, खाडाखोडीसह, तारखांसह. बांधीव अहवालाला उरलेल्यातले थोडे, आणि पाच मिनिटांच्या तोंडीला बाकीचे. 'अष्टमीच्या दिवशी तू जेटीवर होतास, तेव्हा काय अडचण आली?' एवढा एक प्रश्न पुरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचीही मग फार भीती राहत नाही. ती भाषा सुधारून देईल, पण तुमच्या वाडीत किती सुपाऱ्या पडल्या हे तिला माहीत नाही. विचारलं तर ती ठोकून देईल, म्हणून तोंडी हवीच.

उचलेगिरीच्या नियमाबद्दल पालकांत एक गैरसमज आहे: "१० टक्के कॉपी चालते." तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही आणि त्यापुढे ४० व ६० टक्क्यांवर शिक्षेचे टप्पे आहेत. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं साम्यात मोजतच नाहीत. ती सूट योगायोगाने जुळणाऱ्या वाक्यांसाठी आहे, उचलण्याचा कोटा म्हणून नाही.

पालकहो, तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. जुने कागद मुलांसमोर उघडा, आणि आजी-आजोबांशी बोलायला एक संध्याकाळ मोकळी ठेवा. अहवाल मात्र तुम्ही लिहू नका, तो लगेच ओळखू येतो!

आणि शिक्षकांनो, विषय दिवाळीनंतर देऊन चालणार नाही. भरतीच्या नोंदींना किमान एक पूर्ण पंधरवडा लागतो, जुन्या फेरफाराची नक्कल तहसीलमधून यायला त्याहून जास्त. कांदा भात कापल्यावर लागतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, म्हणजे त्याचे भाव परीक्षेच्या तोंडावर येतील. कांदेवाल्या मुलांना आदल्या हंगामाचे आकडे जूनमध्येच घरी विचारून ठेवायला सांगा, तोवर ते घरातल्यांच्या लक्षात असतात.