पलीकडच्या काठाचा पंचनामा

पुण्याच्या पूर्वेस, रांजणगाव सांडसनजीक मुळा-मुठेला पोटात घेऊन भीमा पुढे निघते, त्या टापूत महसुली नकाशावर तिची ओळख नदीपेक्षा हद्द म्हणूनच अधिक ठळक आहे. उत्तरेचा काठ शिरूरचा, दक्षिणेचा दौंडचा. ज्या नदीवरून शिरूरला घोडनदी हे दुसरे नाव पडले, ती घोड तर दोन जिल्ह्यांची शीव. अलीकडे पुणे, पलीकडे कालपर्यंतचे अहमदनगर व आजचे अहिल्यानगर. पूर अर्थातच ही हद्द जुमानत नाही. परंतु पूरनिवारणाचे अंदाजपत्रक, मंजुरी, पंचनामा आणि भरपाई हा सारा कारभार मात्र तिच्यापाशी येऊन थबकतो. पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून या भागात जी बांधकामे झाली, त्यांनीच नवी हानी का ओढवून घेतली, याचे उत्तर मला मुख्यत्वे तेथेच सापडते.

प्रथम कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडे पाहू. वस्तुतः तो पूर अडविण्यासाठी नव्हे, तर पावसाळा सरल्यावरचे पाणी धरून ठेवण्यासाठी असतो. पण नदीत आडवे उभे राहिलेले कोणतेही बांधकाम पुराशी आपला संबंध नाही असे म्हणू शकत नाही. नदीच्या पात्रात ओळीने खांब, प्रत्येक खांबाला उभ्या खाचा, आणि त्या खाचांतून वरून खाली सोडलेले लोखंडी ढापे, एवढीच त्याची रचना. ढापे पावसाळ्यापूर्वी काढावेत आणि पाऊस ओसरल्यावर बसवावेत, हा दंडक. आणि सारी गोम याच दंडकात आहे. ढापे लवकर बसविले तर परतीचा पाऊस गाठतो, उशीर केला तर पाणी वाहून जाऊन उन्हाळ्यात उभा ऊस वाळतो. म्हणून ज्याच्या मोटारी त्या पाण्यावर चालतात तो शेतकरी घाई करतो, आणि वरच्या धरणांतून अकस्मात विसर्ग सुटला की पाण्याच्या दाबाने खाचेत जखडलेले ढापे मनुष्यबळाने उपसता येत नाहीत. त्यात मुळा-मुठेतून वाहत आलेली जलपर्णी खांबांना अडकून उरलासुरला मार्गही बुजवते. मग कोंडलेले पाणी काँक्रीटशी झुंजत बसत नाही. ते बाजूच्या मळईचा भुसभुशीत भराव शोधून काढते, तो कापत जाते, आणि पुष्कळदा बंधारा धडधाकट उभा राहून नदीच त्याला वळसा घालून निघून जाते. पोयट्याची सुपीक जमीन अशी एका रात्रीत पात्रजमा होते, आणि सातबाऱ्यावर मात्र ती पुढे कित्येक वर्षे जिराईत-बागाईत म्हणून नांदत राहते.

काठ खचू लागला की संरक्षक भिंतीची मागणी येते, आणि ती रास्तच असते. पण दगडी अस्तराने एक काठ बळकट केला की प्रवाहाचा मारा पुष्कळदा समोरच्या मऊ काठावर जातो. समोरचा काठ दुसऱ्या तालुक्यात, क्वचित दुसऱ्या जिल्ह्यात. भिंतीचे उद्घाटन एका तहसिलीत होते, तिच्या परिणामांचा पंचनामा दुसरीत, आणि ही दोन दप्तरे एकत्र बांधण्याची तजवीज आपल्या राज्यकारभारात जवळजवळ नाही. त्यावर वाळूउपशाची भर. यांत्रिक बोटी लावून भीमेचा तळ उपसण्याचा धंदा दोन्ही तालुक्यांत इतका माजला की महसूल अधिकाऱ्यांना त्या बोटी जिलेटिनने फोडाव्या लागल्या. पात्र खोल झाल्याने पूर मावेल, असे समर्थन ऐकू येते. प्रत्यक्षात खांबांचे आणि भिंतींचे पायेच उघडे पडतात.

भीमेपासून दूर गेल्यानेही सुटका होत नाही. दौंड तालुक्याच्या पश्चिम भागात दक्षिणेच्या भुलेश्वर रांगेकडून ओढे उत्तरेस नदीकडे धावतात, आणि त्यांच्या वाटेत पूर्व-पश्चिम असे तीन बांध आडवे पडले आहेत: १८५८ साली पुण्याहून दौंडपर्यंत आलेला लोहमार्ग, सोलापूरचा महामार्ग आणि खडकवासल्याहून इंदापूरकडे जाणारा नवा मुठा उजवा कालवा. प्रत्येकाचा भराव स्वतःच्या संरक्षणासाठी उंच. ओढ्यासाठी ठेवलेली मोरी मात्र गाळाने आणि झुडपांनी चोंदलेली. ओढ्यावरचे सखल पूल हा याच अनास्थेचा दुसरा चेहरा. १४ ऑक्टोबर २०२० रोजी खानोटा परिसरात ओढ्याच्या पुरात दोन दुचाकींवरील चौघे वाहून गेले, ते नदीच्या महापुरात नव्हे, ही गोष्ट विसरू नये. कालव्याचा पाझर हे निराळेच प्रकरण. शेजारच्या नीरेच्या खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० सालीच लिहून ठेवले, तरी निचऱ्याचे चर खणण्याआधी उसाची लावण करण्याची आपली रीत बदलली नाही.

वरच्या धरणांनी लहान पूर गिळले, हा त्यांचा उपकार खरा. मात्र दरसाल येणारा पूर येईनासा झाला की लोक पात्रात सरकतात. वस्त्या, गोठे, मोटारींचे खांब पुढे येतात, आणि धरणे भरल्यावर येणारा मोठा लोंढा सवय मोडलेल्या माणसांवर आदळतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याची वर्णने बहुधा बंडगार्डनपाशी संपतात, जणू ते पाणी पुढे कोठे गेलेच नाही! खालून १९८० साली पूर्ण झालेल्या, ११७ टीएमसी क्षमतेच्या उजनीचा फुगवटा दौंड तालुक्यात शिरतो, प्रवाह मंदावतो, आणि मंद पाणी गाळ टाकते. बांधाने नदी जिंकण्याचा अनुभव अन्यत्रही फारसा सुखाचा नाही. मिसिसिपीवर केवळ तटबंधांवर भिस्त ठेवणाऱ्या अमेरिकेला १९२७च्या महापुरानंतर जादा पाण्यासाठी मोकळ्या वाटा ठेवाव्या लागल्या. कोसीचे पात्र तटबंधांच्या आत गाळाने उंचावत गेले आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी कुसहा येथे तट फुटला.

आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा आहेत; पंचवीस वर्षांतून आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या मर्यादा त्या दाखवितात. त्या सर्वत्र आखून गावच्या चावडीवर लावाव्यात, एवढे मागणे जास्त नाही. याहून निकडीची गोष्ट म्हणजे, भीमा किंवा घोड नदीच्या काठी कोणत्याही भिंतीला वा बंधाऱ्याला मंजुरी देण्यापूर्वी समोरच्या तहसिलीच्या अधिकाऱ्यांसह संयुक्त पाहणी व्हावी आणि नकाशात दोन्ही काठ दाखविल्याखेरीज अंदाजपत्रक पुढे सरकू नये. ढापे काढण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव बंधाऱ्यावरच लिहावे. आणि काठच्या वाचकांनी या वर्षीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा, त्याची एक प्रत नदीपलीकडच्या गावालाही धाडावी.