लिटरला एक किलोमीटर

कुणाच्या दारी नवी गाडी आली की आपल्याकडे पेढ्याबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" चौतीस वर्षे बँकेत काढूनही, आणि त्यांतील बराच काळ वाहनकर्जाच्या फायली हाताळूनही, गाडीच्या खर्चाचा गाभा म्हणजे हाच प्रश्न, असे मला वाटत असे. गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्यामुळे हा समज दूर झाला. अर्थात, त्याचा तसा हेतू नव्हता.

पुतण्या जपानमध्ये योकोहामा येथे अभियंता आहे. दिवाळीला सांगलीस आला असता फराळ आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. निसान कंपनीची जीटी-आर, दोन दारांची स्पोर्ट्स कूपे, नोंदणी २००९ सालची. "काका, पंच्याहत्तर लाख येनला मिळते आहे. तेवढी शिल्लक माझ्याकडे आहे. पेट्रोलचा खर्च झेपेल का, एवढंच तुम्ही बघून सांगा."

त्याच शिल्लकेवर घरात आणखी एक आशा लागून होती. थोरल्या बंधूंचे घर कृष्णाकाठच्या सखल भागात आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत त्यात पुराचे पाणी शिरले. जोते उंच करून घर नव्याने बांधावे, हा विषय तेव्हापासून निघतो आणि पैशापाशी येऊन थांबतो. बंधू मुलाला त्याविषयी एक शब्दही बोलले नव्हते. मीही बोललो नाही. कागद आणि पेन मात्र घेतले.

प्रथम इंधन पाहिले. ही गाडी २००७ साली टोकियोच्या वाहन प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या ३.८ लिटरच्या, दोन टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची शक्ती ४८० पीएस होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शहर व महामार्ग मिळून दिलेला तिचा आकडा गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ७.६५ किलोमीटर आहे. केवळ शहरात तो १६ मैलांवर, म्हणजे ६.८ किलोमीटरवर येतो.

एवढे इंधन जाते कोठे? मोठे इंजिन शहरातील संथ वाहतुकीत आपल्या शक्तीचा अल्पसा अंशच वापरते. त्या वेळी हवा आत घेणारी झडप जवळजवळ मिटलेली असते आणि त्या अडथळ्यातून हवा ओढण्यातच बरीच ऊर्जा वाया जाते. त्यात गाडीचे वजन पावणेदोन टनांच्या घरात; प्रत्येक सिग्नलला ते थांबवायचे आणि पुन्हा पळवायचे. महामार्गावर इंजिन सुखाने चालते, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. शिवाय टर्बोच्या दाबाखाली इंधन अवेळी पेटू नये म्हणून उच्च ऑक्टेनचे महाग पेट्रोलच लागते.

वर्षाला ८,००० किलोमीटर आणि लिटरला १८० येन असे धरले. सुमारे १,०४६ लिटर, म्हणजे १ लाख ८८ हजार येन. पुतण्या हसला. "म्हणजे झेपेल!"

"झेपेल," मी म्हणालो, "पण गाडी उभी कुठे करणार?"

जपानच्या शहरांत गाडी नोंदवण्यापूर्वी ती ठेवण्याच्या जागेचा दाखला द्यावा लागतो. त्याने चौकशी केलेल्या जागेचे भाडे महिना २०,००० येन होते. वर्षाचे २ लाख ४० हजार. गाडी धावण्यासाठी जेवढा खर्च, त्याहून अधिक ती उभी राहण्यासाठी! आम्ही दोघेही क्षणभर त्या आकड्याकडे पाहत राहिलो.

पुढच्या रकमा भराभर मांडल्या. जपानमध्ये वाहनकर इंजिनाच्या आकारमानावर असतो. या गटाला तो वर्षाला ६६,५०० येन; पेट्रोलची गाडी १३ वर्षांहून जुनी झाली की त्यात सुमारे १५ टक्के वाढ होते, म्हणजे ७६,४०० येन. दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी, तेलबदल आणि देखभाल यांसाठी वर्षाला सरासरी २ लाख धरले. विम्याचा त्याला मिळालेला अंदाज १ लाख २० हजारांचा होता. चार टायरांचे ३ लाख २० हजार आणि आयुष्य २०,००० किलोमीटर धरता वर्षाचा वाटा १ लाख २८ हजार. रोखीचा खर्च एकूण ९ लाख ५२ हजार येन झाला. पेट्रोल त्याच्या एक पंचमांशाहूनही कमी!

अद्याप मुद्दल बाकी होते. पंच्याहत्तर लाख गाडीत अडकले की ते अन्यत्र जे मिळवू शकले असते ते बुडते. वाणिज्याच्या पुस्तकात याला संधी खर्च म्हणतात. तो दिसत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. ते पैसे मायदेशी आणून साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते, तर वर्षाला ४ लाख ८७ हजार ५०० येनांइतके व्याज झाले असते. येन-रुपया विनिमयाची जोखीम वेगळी, तीही कागदाच्या कडेला नोंदवली.

एकूण बेरीज १४ लाख ४० हजार येन. त्याला ८,००० ने भागले. किलोमीटरला १८० येन! म्हणजे बरोबर एक लिटर पेट्रोलचा भाव. कंपनीच्या कागदावर काहीही असो, खिशाच्या दृष्टीने ही गाडी लिटरला एक किलोमीटर चालते.

"मग कमी चालवीन," तो म्हणाला. तोही हिशेब केला. ४,००० किलोमीटर चालवल्यास पेट्रोलचे ९४ हजार वाचतात, पण भाडे, कर, विमा, देखभाल आणि व्याज तसेच राहतात. दर किलोमीटरचा खर्च १८० वरून ३२० येनांवर जातो. स्थिर खर्चाचा स्वभावच असा आहे. वापर घटवून तो घटत नाही, उलट प्रत्येक फेरीच्या बोकांडी अधिक बसतो.

त्याचा अखेरचा मुद्दा मात्र पोरकट नव्हता. "काका, २०२५ च्या ऑगस्टमध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. अठरा वर्षांत जेमतेम ४८,००० बनल्या. किंमत वाढेलही." शक्य आहे. म्हणूनच मी घसारा धरला नव्हता. परंतु लेखाशास्त्राचा सावधगिरीचा संकेत सांगतो की अपेक्षित नफा वहीत मांडू नये, अपेक्षित तोट्याची तरतूद मात्र करावी. शिवाय किंमत टिकवायची तर गाडी कमी चालवावी लागते, आणि न चालवण्यासाठी का कोणी अशी गाडी घेतो?

वाचकहो, हौस करू नये असे माझे म्हणणे नाही. हौसेची किंमत पुरती ठाऊक असावी, एवढेच म्हणणे आहे. गाडी दहा लाखांची असो की कोटीची, कागदावर पाच ओळी मांडाव्यात: इंधन, जागा, कर व विमा, देखभाल व टायर, आणि अडकलेल्या मुद्दलाचे व्याज. आयुष्यभर मी कर्जदारांचा पगार आणि मासिक हप्ता यांचा मेळ घालत आलो. या पाच ओळी एकाही कर्जदाराला मांडून दाखवल्या नाहीत, याची आज खंत वाटते.

तो कागद पुतण्याने घडी घालून खिशात ठेवला. रात्री जेवताना त्याने वडिलांना विचारले, "बाबा, जोतं किती फूट उंच घ्यावं लागेल?" बंधूंनी घास तसाच ताटात ठेवला. वहिनी पाणी आणायला म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आता जोत्याचे काम चालू आहे. परत गेल्यावर एका रविवारी पुतण्याने तीच गाडी एका दिवसासाठी भाड्याने घेतली आणि समुद्रकाठच्या रस्त्यावरून फिरवली. छायाचित्रात तो फार आनंदी दिसतो. त्या दिवसाचा हिशेब मी मागितला नाही.